दोनशे सहा

जिन्याच्या चौथ्या पायरीवर हरकऱ्यांचा पाय थबकला तेव्हा त्यांच्या हातात अर्धा किलो संत्राबर्फीचा डबा होता आणि खालच्या दुकानात कोणीतरी नुकतंच मेलं होतं. मेलं म्हणजे व्हिडिओ गेममध्ये मेलं. संत्र्यांनी भरलेल्या ट्रकचं तिसरं टायर फुटलं, पडदा काळा झाला आणि मशीनच्या लाकडी खोक्यातून नऊ सुरांची धून बाहेर पडली : ध नि सा रे ग, रे ग रे सा. साडेतीन सेकंदांचं काम. धून हरकऱ्यांचीच होती. आपली धून रस्त्यात अवचित कानावर पडली की माणसाला आनंद होतो असा समज आहे, आणि पहिल्या चार सुरांपर्यंत तो हरकऱ्यांना झालाही. पाचवा सूर आला आणि मऊ भाताच्या घासात दाताखाली खडा यावा तसे ते जागच्या जागी उभे राहिले. गंधार खोटा होता. फार नाही, जरासा चढा. बडकस चौकातून जाणाऱ्या हजार माणसांपैकी नऊशे अठ्ठ्याण्णव जणांना तो कळला नसता. उरलेल्या दोघांपैकी एक चौथ्या पायरीवर उभा होता आणि दुसरे, महादेवबुवा, वर पलंगावर पडून होते. वरून 'टण्' असा आवाज आला, लोखंडावर धातू आपटल्याचा, आणि लगोलग बुवांच्या पत्नी सत्यवतीकाकू म्हणाल्या, "आणते, आणते. केवढी हो तहान तुम्हाला!"

हरकऱ्यांनी हिशेब केला. कोराडीच्या वीज केंद्रात भांडार विभागात बारा वर्षं नटबोल्ट मोजल्यामुळे वाईट बातमी आली की ते आधी गुणाकार करत. मशीन शिवरात्रीला बसलं. आज मेची चार तारीख. सत्तावन्न दिवस. दिवसाला लोक दोनशे वेळा तरी मरत असतील. बँकेतले कारकून जेवणाच्या सुट्टीत मरत, औषध कंपन्यांचे फिरते विक्रेते डॉक्टरची वाट बघत मरत, आणि रविवारी तर रीघच. अकरा हजार चारशे. एका धुनेत गंधार दोनदा. म्हणजे बावीस हजार आठशे वेळा वरच्या म्हाताऱ्याच्या कानात खोटा गंधार गेला होता, आणि तो हरकऱ्यांनी पाठवला होता. स्वतः जागा शोधून, शब्द टाकून. "काकू, खालचं दुकान रिकामंच आहे, श्रीधरला द्या, मुलगा चांगला आहे," असं म्हणणारे हरकरेच. काकूंना वाटलं, अनंतानं आपली अडचण ओळखली. श्रीधरला वाटलं, काकांनी मोक्याची जागा मिळवून दिली. दोघांनीही आभार मानले होते आणि हरकऱ्यांनी ते मान खाली घालून घेतले होते, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. खरं कारण अठरा वर्षांचं होतं.

अडुसष्ट सालच्या गणपतीत सकाळच्या बैठकीला महादेवबुवा तोडी गात होते. पेटीवर सव्वीस वर्षांचा अनंता हरकरे होता. बुवांना साथ करायला मिळणं म्हणजे काय होतं हे सांगायला हवं : बुवा गाताना समोर पितळी तांब्या ठेवत, पाण्याचा, आणि साथीदाराकडून काही चांगलं निघालं की बोटातली अंगठी त्या तांब्यावर एकदा वाजवत. टण्. तबलेवाल्या मारोतरावांना ती दाद आयुष्यात तीनदा मिळाली होती आणि ते तारखा सांगत. अनंताला त्या दिवशी मिळणार होती, निदान त्याला तसं वाटत होतं. विलंबित संपत आला होता, बुवा गंधारावर येऊन थांबले होते, नुसते थांबले होते, एखादा माणूस आपल्याच घराच्या उंबऱ्यावर निवांत उभा राहतो तसे, आणि अनंतानं त्यांच्या मागोमाग पट्टी दाबली. बुवांनी गाणं थांबवलं. हात पुढे केला. अंगठीचा हात होता तो. अनंताची छाती भरून आली. तो हात तांब्याकडे गेला नाही. तो पेटीच्या भात्यावर आला आणि भाता हळूच मिटला. "पेटी बंद कर, अनंता. तिचा गंधार खोटा आहे. तुझा दोष नाही." दोनशे माणसं होती. पुढचा दीड तास अनंता बंद पेटीसमोर मांडी घालून बसून राहिला, कारण मधूनच उठून जाणं बरं दिसलं नसतं. त्याला चूक म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चूक सुधारता येते. 'तुझा दोष नाही' यावर काय करायचं असतं?

हरकऱ्यांनी प्रयत्न काही कमी केले नव्हते. पेटीत सुरांच्या पितळी पट्ट्या असतात. बुडाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. पुढच्याच महिन्यात अनंतानं कानशीने गंधाराची पट्टी बुडाशी खरवडून तोडीला लागेल इतकी खाली आणली. तोडी लागली. बाकी सगळं बिघडलं. तीच पट्टी दुसऱ्या रागात, दुसऱ्या गायकाच्या पट्टीत, भलतंच बोले. भजनी मंडळात एकादशीला त्यांनी पेटी उघडली आणि दुसऱ्याच अभंगाला चंपतराव पेंडके टाळ थांबवून म्हणाले, "हरकरेजी, पेटीले काही चावलं काय जी?" तेव्हा हे कळून चुकलं की पेटीवाल्यानं एक खरा सूर मिळवायचा तर बाकीच्या दहा ठिकाणी खोटं पडायची तयारी पाहिजे, आणि ती हरकऱ्यांची नव्हती. त्या काळात रेडिओ तर पेटीला चपलांसारखं दाराबाहेरच ठेवत असे. मग शाळांची स्नेहसंमेलनं, कोराडी वसाहतीतला गणपती, लग्नातलं मंगलाष्टक, निवृत्तांचे सत्कार. सुमतीशी लग्न झालं, टक्कल पडलं. बुवांकडे जाणं सुटलं नाही. दर महिन्याला जायचं, पाया पडायचं, बर्फी ठेवायची, संगीताबद्दल चकार शब्द न काढता कूलरच्या खसबद्दल बोलायचं आणि परत यायचं. दोन वर्षांपूर्वी बुवांचं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. अंगठी डाव्या हातात आली. त्या दिवशी इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून हरकऱ्यांच्या मनात जे आलं त्याची त्यांना आजही लाज वाटे : आता हे जातील आणि माझा गंधार खोटा तो खोटाच राहील.

त्यात श्रीधर आला. कळमन्याला बाप नत्थूजी डाळीचा व्यापारी, मुलगा इंजिनिअर, आणि बापाच्या जुन्या गोदामात तो व्हिडिओ गेमची मशीनं जुळवी. बाहेरून आलेले खेळ सगळीकडे होतेच. ह्यानं स्वतःचा बनवला, संत्र्याच्या ट्रकचा. त्याला संगीत हवं होतं. "तीन धुना पायजे काका," तो म्हणाला होता. "एक सुरू व्हायची, एक चालायची, एक मरायची. चालायची जी आहे ना, तिले शेवट नाही पायजे. फिरून फिरून तीच. आणि मरायची छोटी. मेल्यावर माणूस लय वेळ थांबत नसते." हरकऱ्यांना हा मुलगा विचारवंत वाटला होता. चालायची धून त्यांनी भजनी ठेक्यात करून दिली. शेवट नसलेली चीज रचणं भजनी मंडळाच्या माणसाला अवघड नाही. मग समजलं की मशीनला सूर कळत नाही, आकडा कळतो. सा म्हणजे दोनशे चाळीस. आकडा कमी तसा सूर वर. श्रीधरनं बारा सुरांचा एक तक्ता, त्याच्या भाषेत टेबल, छापून दिला होता, वहीला चिकटवायला. कोमल गंधार, दोनशे दोन. एका रविवारी श्रीधर जेवायला गेला होता, गोदामात तुरीच्या डाळीचा जुना वास होता, आणि हरकऱ्यांनी सहज, अगदी पान खाता खाता चुना जास्त लावावा तितक्या सहज, दोनशे दोनच्या जागी दोनशे तीन दाबलं. सूर किंचित उतरला. ते दचकले. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधे लाकूड असतं. तिथे सूर नसतो. इथे होता. दोनशे चार. दोनशे पाच. दोनशे सहाला आले आणि आगपेटीएवढ्या भोंग्यातून अडुसष्ट सालची सकाळ बाहेर पडली. बुवा उंबऱ्यावर उभे होते. हरकऱ्यांनी बोट उचललं नाही. पाच मिनिटं तो एक सूर वाजत राहिला, श्वास न घेता, कारण मशीनला श्वास नसतो, आणि चव्वेचाळीस वर्षांचा भांडारातला माणूस डाळीच्या पोत्याला टेकून रडला. आणि बाकीचे सूर? ते आपापल्या जागी होते. एकही बिघडला नव्हता. श्रीधर ढेकर देत आला तेव्हा त्यांनी कागदावर नऊ आकडे लिहून ठेवले होते, सुवाच्य अक्षरात, भांडारातल्या नोंदीसारखे. "मरायची धून झाली," ते म्हणाले.

तो कागद दिला, दुकान जमवून दिलं, आणि हरकरे बुवांकडे जायचे बंद झाले. मुद्दामच. आपण तिथे असायला नको होतं. सूर एकट्यानं जायला हवा होता, रोज, जिन्यावरून, न बोलावता, आणि एक दिवस बुवांनी विचारायला हवं होतं, हा कोणाचा? मग बोलावणं येईल. कोराडीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी ते बोलावणं रोज ऐकलं होतं. राखेचे ढिगारे, कोळशाचे ट्रक, आणि बुवा म्हणतायत, ये. काल ते खरंच आलं, शेजारच्या माणसाच्या तोंडून निरोप : काकूंनी एकदा येऊन जायला सांगितलंय. रात्री त्यांनी सुमतीला धुतलेला सदरा काढायला सांगितला. "बुवांकडे तर चाललात, मुलगी बघायला नाही," ती म्हणाली होती.

आता ते त्या सदऱ्यात वर गेले. खोलीत कूलरचा घुमा आवाज भरून होता. पलंगावर बुवा, अर्धा चेहरा ओळखीचा. "काहून रे, दोन महिने फिरकला नाहीस?" काकू म्हणाल्या. "काही नाही, कूलरची मोटार अशी ओरडते, तुझ्या कोराडीत मोटारवाला असेल ना ओळखीचा? म्हणून बोलावलं." हरकरे म्हणाले, असेल. म्हणजे बोलावणं मोटारीचं होतं. पाया पडताना त्यांनी बुवांकडे बघितलं. बुवांचे डोळे उघडे होते आणि छताकडे होते. "ह्यांना मी सांगितलं बरं का," काकू कौतुकाने म्हणाल्या, "खालचं ते संगीत आपल्या अनंतानं केलंय. पहिल्याच दिवशी सांगितलं." हरकऱ्यांनी घाईने विचारलं, "काय म्हणाले?" "काय म्हणणार? ऐकतात बिचारे." त्याच क्षणी खाली कोणीतरी मेलं. ध नि सा रे — आणि तो खोटा, निर्लज्ज, पेटीचा गंधार, ज्याच्यावर अठरा वर्षांपूर्वी भाता मिटला गेला होता. बुवांचा डावा हात उचलला गेला आणि अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटली. टण्. "बघ! मशीन आल्यापासून ही तहान," म्हणत काकू तांब्या घेऊन उठल्या. हरकऱ्यांना दिसलं की ही तहान नाही. हा माणूस सत्तावन्न दिवस ओरडतो आहे. भाता मिटायला हात पोचत नाही म्हणून दांडी वाजवतो आहे. आणि त्याला वाटतं आहे की अनंतानं सूड घेतला.

श्रीधर गोदामातच सापडला, एका खोक्यात डोकं घालून. हरकऱ्यांनी गंधाराचं विचारलं. "टेबलात दोनशे सहा नाहीच ना काका," तो डोकं बाहेर न काढता म्हणाला. "दोनशे दोन आहे. मले वाटलं, लिहिता लिहिता चुकलं असन तुमचं. मग टेबलातलं टाकून देल्लं."

"विचारायचं नाही?"

आता डोकं बाहेर आलं. चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होतं. "तुमच्यासारख्या मोठ्या माणसाले त्याची चूक दाखवू काय मी? बाबूजींनी आम्हाले तसं नाही शिकवलं. मोठ्यांची चूक दिसली का चुपचाप सुधरवून टाकाची, सांगत नाही बसाचं. तुमचा मान राखला मी, काका."

हरकरे खुर्चीवर बसले. ह्यावर रागावता येत नव्हतं; ते स्वतःही असेच वाढले होते. भांडारात साहेबांची बेरीज चुकली की ते पेन्सिलीने खालचा आकडा बदलून ठेवत आणि साहेब दर वर्षी अचूकतेबद्दल शाबासकी घेत. कोणी कोणाला काही न सांगता एकमेकांची इज्जत सांभाळत संपूर्ण महाल भाग सुखाने जगत होता. फक्त गंधार मधल्या मधे मेला होता. "तो आकडा बरोबर होता," ते शेवटी म्हणाले. "मला दोनशे सहाच पाहिजे. आजच."

"आज कसं होईन जी? चिप पुसा लागते, मग नवीन भरता येते. पुसाचा दिवा फुकला आहे, मुंबईहून येऊन राहिला." श्रीधरने एक चिप पुढे धरली, झुरळासारखी, पोटाखाली पायांच्या दोन रांगा आणि पाठीवर काचेची बारकी खिडकी, तिच्यावर कागदाचा चिकटपट्टीचा तुकडा. "हे जादा आहे एक, दुसऱ्या खेळाची. ह्या खिडकीतून जांभळा उजेड मारला का आतलं सारं पुसल्या जाते. नाही तर ऊन. म्हणूनच तर चिकटपट्टी लावतो. पण उन्हात आठ दिवस लागन."

"ऊन आहे आपल्याकडे," हरकरे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर सुमतीच्या कुरडयांच्या शेजारी, जुन्या धोतरावर, एका बशीत चिप वाळत पडली. "आता हे काय?" सुमतीनं विचारलं. "ह्यातले सूर पुसायचेत." "बाई! मग तुमची पेटीही आणून ठेवते." तिचा विनोद वाईट नसे, फक्त नेमका असे. कुरडया वळवताना ती चिपही वळवू लागली. तिला सांगावं लागलं की ही एकाच बाजूने वाळते. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवली होती, तिची सावली बशीवर येते की काय म्हणून हरकरे ड्युटीला जाण्याआधी दोनदा वर जाऊन येत. चार वाजता परत आल्यावर काचेवर धुळीची साय असे. ती कोराडीची राख असावी असा त्यांचा संशय होता, म्हणजे जे दिवसभर सांभाळायचं तेच घरी येऊन बसलेलं. मग ते चष्म्याच्या कापडाने ती खिडकी पुसत. आत सोन्याच्या तारा दिसत, केसाहून बारीक. तिथे कुठेतरी कोणाचा तरी दुसरा खेळ होता, कुठली तरी दुसरी मरायची धून, आणि नागपूरचं ऊन तिला हळूहळू विसरायला लावत होतं. हरकऱ्यांना ह्या कल्पनेनं बरं वाटायला हवं होतं. वाटेना. बसमध्ये, नोंदवहीवर, आंघोळीला बसल्यावर ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मरत होते. आता खाली एक कारकून मेला. टण्. आता दुसरा. टण्. मशीन बंद ठेव म्हणून त्यांनी श्रीधरला सांगितलं होतं; तो म्हणाला, काका, मेच्या सुट्ट्या आहेत. सहाव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की दाढी करताना आपण ती धून गुणगुणतो आहोत. ते ब्रश धरून थांबले. कोणता गंधार लावला आपण आत्ता? पुन्हा लावून बघितला. आरशातल्या फेसाळ माणसाने तोंड उघडलं आणि मिटलं. "चहा गार होतोय," सुमती म्हणाली. "आणि हो, ते गाणं म्हणू नका सकाळी सकाळी. कोणी गेल्यासारखं वाटतं."

पुढच्या रविवारी श्रीधरने नवी चिप भरली. हरकऱ्यांनी गोदामात ती तीनदा ऐकली, दोनशे सहा, उंबरा, सकाळ, सगळं होतं. अंगावर काटा आला, आणि तो आला म्हणून त्यांनी देवाचे आभारही मानले. दहा वाजायच्या आत ते दोघं महालात पोचले, तोडीची वेळ टळायच्या आत. दुकानाचं शटर अर्धं वर करून श्रीधर आत शिरला, मशीनची पाठ उघडली, जुनी चिप काढून वरच्या खिशात टाकली. "मुद्दाम मर," हरकऱ्यांनी त्याला बजावलं. "लवकर मर." "मले मराचं सांगून राहिले, काका, आणि हा खेळ माह्या हातचा," तो हसून म्हणाला. "हात ऐकत नाही ना."

वर काकूंना त्यांनी कूलर बंद करायला लावला. खोली एकदम मोठी झाली. ते पलंगाजवळच्या स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर, बंद पेटीसमोर बसावं तसे. खाली चालायची धून सुरू झाली, फिरून फिरून, बिनशेवटाची. बुवांची बोटं चादरीवर हलत होती. श्रीधरचा हात खरंच ऐकत नसावा. ट्रक चालतच राहिला. मग वीज गेली. कोराडीत वीज तयार होते आणि नागपुरात ती जाते, ह्यात हरकऱ्यांना एरवी गंमत वाटे. ती वीस मिनिटं आली नाही. घामाचा एक थेंब त्यांच्या कानामागून निघून कॉलरमध्ये गेला. काकूंनी बुवांना पुठ्ठ्याने वारा घातला. बुवा मधेच मान वळवून त्यांच्याकडे बघू लागले, आणि हरकऱ्यांना वाटलं, आता सांगावं. बुवा, तो माझा नव्हता. जो माझा आहे तो आता येतोय. पण तोंडून निघालं ते एवढंच, "मोटारवाला उद्या येतो म्हणालाय." वीज आली. मशीन पहिल्यापासून सुरू झालं. शेवटी श्रीधरने हात सोडून दिले असावेत; तीन टायरं ठो ठो ठो फुटली.

ध. नि. सा. रे. ग.

तो आला. जिन्याच्या चार पायऱ्या चढून, बर्फीच्या डब्यावरून, अठरा वर्षांवरून तो खोलीत आला आणि जिथे उभं राहायचं तिथे उभा राहिला. हरकऱ्यांनी डोळे मिटले. आयुष्यात एकदा तरी एखादी गोष्ट जशी असायला हवी तशी असते, आणि ती साडेतीन सेकंद असते. रे ग रे सा. त्यांनी दांडीवरच्या अंगठीची वाट बघितली. अंगठी वाजली नाही. डोळे उघडले तेव्हा बुवांच्या कपाळावर आठी होती, आणि ती आठी हरकऱ्यांच्या ओळखीची होती.

"उ...तरला," बुवा म्हणाले.

"पाणी?" काकूंनी विचारलं.

बुवांनी डाव्या हातानं त्यांना बाजूला केलं. त्यांचं अर्धं तोंड कष्टाने उघडलं आणि त्यातून, बोलण्याची वाट बुजलेल्या त्या घशातून, आवाज निघाला. फाटका होता, पण सूर जिथे ठेवायचा तिथे ठेवत होता, तेवढं त्या देहात अजून सरळ होतं. ध नि सा रे... आणि गंधार. लांब, स्थिर, खात्रीचा. दोनशे दोन. हरकऱ्यांना तो आकड्यानेच ऐकू आला. तो पेटीचा होता, काळ्या पट्टीचा होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा होता. ज्या गळ्याने एका अख्ख्या गावाला गंधार म्हणजे काय ते सांगितलं होतं, त्या गळ्यात आता तो तक्ता चिकटवलेला होता. बुवांनी बोट खाली दुकानाकडे केलं.

"कालपर्यंत... बरोबर होतं," ते म्हणाले. एकेक शब्द ओझ्यासारखा खाली ठेवत. "फार... बरोबर. रोज... म्हणायचो. आज मशीन... बिघडलं." हरकऱ्यांच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं, कारण तो हात पुढे आला, अंगठीचा, आणि गुडघ्यावर ठेवलेल्या हरकऱ्यांच्या मुठीवर येऊन थांबला. मिटली जाणारी वस्तू असावी तशी ती मूठ त्यांनी हळूच दाबली. "तुझा दोष नाही, अनंता."

"अगंबाई, म्हणजे दाद द्यायचे की काय मला तहान वाटायची ती?" काकू हसल्या. मग थोड्या थांबून म्हणाल्या, "पण पाणीही पितात हो. तांब्या संपतो."

जिना उतरताना चौथ्या पायरीवर हरकरे थांबले. कोणी नव्हतं. त्यांनी ओठ मिटून, नाकातल्या नाकात, तो सूर लावून बघितला. एकदा. पुन्हा एकदा. कोणता लागला ते ठरवायला बाहेरून कोणाचा तरी सूर हवा होता, आणि तो आता कोणाकडे मागायचा हे त्यांच्या लक्षात येईना. खाली श्रीधर दोन चिपा दोन तळहातांवर घेऊन उभा होता, प्रसाद वाटणाऱ्यासारखा. "काय म्हणले बुवा?"

"जुनी लाव."

"काहून?"

"ती बरोबर आहे म्हणाले."

श्रीधरचा चेहरा खुलला. पण मोठ्या माणसासमोर जास्त खुलू नये म्हणून त्याने तो मशीनच्या पाठीत घातला. "टेबल चुकत नसते काका," आतून आवाज आला. "हे नवीन काय करू मग?"

"दे माझ्याकडे. उन्हात ठेवतो."

ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. मग, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं : खिशातून नाणं काढून फटीत घातलं आणि दांडा धरून मशीनसमोर बसले. ट्रक निघाला. त्यांना वळवता येईना. पहिलं टायर गेलं, दुसरं गेलं. "डावीकडे घ्या ना, काका, डावीकडे!" श्रीधर कळवळून म्हणाला. तिसरं गेलं. पडदा काळा झाला, त्यात एक टक्कल असलेला माणूस दिसला, आणि नऊ सूर निघाले, पाचवा केसभर चढा.

वर दांडीवर अंगठी वाजली. टण्. "आणते, आणते," काकू म्हणाल्या, आणि त्यांची पावलं मोरीकडे गेली. माठावरचं झाकण निघतं आहे की नाही हे ऐकायला हरकरे थांबले नाहीत. त्यांनी दुसरं नाणं टाकलं.